वर्धा ते बल्लारशा पॅसेंजरने: कोळशासाठी टाकलेल्या लाईनवर दोन दिवस

सुरुवात माझ्या गाढवपणापासून करतो, म्हणजे तुमचा तरी एक तास वाचेल. नागपूरहून सकाळी निघालो, तिकीट वर्ध्याचं काढलं, कारण डोक्यात पक्कं बसलेलं की जुनी कोळशाची लाईन वर्ध्यापासून सुटते, आणि इतिहासाच्या हिशोबाने ते बरोबरही आहे. वर्ध्याला उतरलो, चहा घेतला, गोरसपाकाचे (वर्ध्याची ती खुसखुशीत बिस्किटं) दोन पुडे घेतले आणि मग मामांना फोन लावला तर ते म्हणतात, "अबे मी सेवाग्रामले उभा आहो ना, तू कोठी उतरला?" झालं. नागपूरकडून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाड्या वर्ध्यापर्यंत येतच नाहीत, त्या अलीकडच्या सेवाग्राम स्टेशनवरूनच खाली वळतात. या सेवाग्रामचं जुनं नाव वर्धा ईस्ट, आणि गांधीजींचा आश्रम तिथून अजून आत आहे, स्टेशनाला चिकटून नाही. मुंबईकडून येणाऱ्या काही गाड्या मात्र वर्ध्याहूनच थेट दक्षिणेला जातात. म्हणजे तुम्ही कुठून येताय त्यावर ठरवा, आणि तिकिटावर स्टेशनचं नाव दोनदा वाचा. मी ऑटो करून सेवाग्राम गाठलं तोवर पॅसेंजर गेलेली, पुढची दुपारची. मामांनी काही बोलून दाखवलं नाही, फक्त गोरसपाकाचा एक पुडा उघडून संपवला.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा, माजरीच्या खाणीत एकतीस वर्षं काढून रिटायर झालेले, आणि ही ट्रिप त्यांच्यामुळेच सुचली. लहानपणी उन्हाळ्यात मामाकडे जायचं म्हणजे याच लाईनने, खिडकीतून कोळशाच्या गाड्या मोजत, पण ही लाईन इथं आलीच का हे मी चाळिशी ओलांडेपर्यंत कधी विचारलं नव्हतं. आपल्याला वाटतं रेल्वे असतेच, डोंगर-नदीसारखी.

तर गोष्ट अशी. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ ला, आणि जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे भुसावळ-बडनेरा करत नागपूरला पोचली १८६७ ला. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध, इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाड आणि वर्धेकडचा कापूस मुंबईला नेण्याची सगळ्यांना घाई. वर्धा शहरही त्याच धांदलीतलं, १८६६ साली पालकवाडी नावाच्या छोट्या गावाच्या जागेवर आखून वसवलेलं, त्याआधी तिथं शहर असं नव्हतंच. पण गंमत बघा, कापूस न्यायला इंजिन आलं खरं, त्या इंजिनाला खायला काय? कोळसा विलायतेहून बोटीने मुंबईला यायचा आणि मग घाट चढून इथवर. उरलेलं काम लाकडावर. बंगालात राणीगंजला कोळसा होता, पण मुंबई-कलकत्ता सलग रूळच १८७० पर्यंत जोडले नव्हते. म्हणजे कापसाच्या प्रत्येक गाठीमागे कुठल्या तरी इंग्रजी खाणीतला कोळसा जळत होता. अशात चांदा (म्हणजे आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठाने कोळसा सापडतोय म्हटल्यावर सरकारचे कान टवकारणारच. वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली १८७१ ला.

आता खाण आहे पण मेन लाईन ७०-७५ किलोमीटर लांब, मध्ये काळी कापसाची जमीन. ही जमीन ज्याने पावसाळ्यात बघितली त्याला सांगायला नको, बैलगाडी आसापर्यंत रुतते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. यातून कोळसा काढायचा तर रूळच पाहिजे. तोवरच्या रेल्वे विलायती कंपन्यांनी बांधलेल्या, आणि सरकारने त्यांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिलेली, म्हणजे धंदा झाला तर कंपनीचा, बुडाला तर रयतेच्या पैशातून भरपाई. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, १८६९-७० च्या सुमारास, सरकारने ठरवलं की काही लाईनी आपणच बांधायच्या. म्हणून आपल्या या लाईनचं नाव वर्धा कोल स्टेट रेल्वे. 'स्टेट' म्हणजे इथे संस्थान नाही हां, सरकार. (निजामाच्या रेल्वेतलं 'स्टेट' मात्र संस्थानच. ते पुढे येतं.) वर्धा ते वरोरा ४५ मैल, जीआयपीच्याच मापाची साडेपाच फुटी रुंद लाईन. त्या वेळी स्वस्तात पडतं म्हणून सरकारी लाईनी मीटर गेजच्या (म्हणजे मीटरभरच रुंद) करायचं चाललेलं, पण इथे रुंदच केली, आणि ते शहाणपणाचं ठरलं, नाहीतर सगळा कोळसा वर्ध्याला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात पाट्यांनी उपसत बसले असते. १८७७ ला लाईन सुरू झाली.

१८७७ हे साल लक्षात ठेवा, परत येणारे.

पॅसेंजर (आता मेमू म्हणतात, मामा अजून पॅसेंजरच म्हणतात, मीही) सेवाग्राम सोडते आणि भुगाव, सोनेगाव करत हिंगणघाटला येते. इथपर्यंत दोन्ही बाजूला कापूस, तूर, मध्येच संत्र्याची बाग. बसायची जागा: सकाळी जात असाल तर उजवी खिडकी धरा, ऊन डावीकडून येतं आणि माजरीचे खाणींचे ढिगारेही उजवीकडे दिसतात. दुपारी गेलात तर दोन्हीकडे भाजणारच, रुमाल ओला करून ठेवा.

हिंगणघाट कापसाची जुनी नावाजलेली पेठ, लाईन कोळशासाठी टाकली तरी मधल्या मध्ये हिंगणघाटच्या कापसालाही गाडी मिळाली आणि सूतगिरण्या आल्या. बाबा आमटे जन्मले ते याच हिंगणघाटला, १९१४ ला. स्टेशनवर दोन मिनिटं थांबते, आलुबोंडा मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर पुढे काही नाही. आम्हाला नाही मिळाला.

पुढे नागरी, मग चिकणी रोड. चिकणी रोडला आमची गाडी लूपला (बाजूच्या रुळावर) घेतली आणि समोरून कोळशाचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, गेला. मी लहानपणीसारखे डबे मोजले, ५८, शेवटी गार्डाचा डबा. मामा म्हणाले, "डबे नोको म्हणू, शाळेत वाघीण शिकला ना?" वॅगनची वाघीण कोणी केली देव जाणे, पण ताडोबाच्या शेजारून जाणाऱ्या लाईनवर ५८ वाघिणी ओळीने जाताना बघणं यात मजा आहे, आणि जंगल सफारीला हजारो रुपये मोजणाऱ्यांना मी हे फुकटात सुचवतोय. दहा मिनिटांनी अजून एक रेक. मग सुपरफास्ट, मग अजून एक रेक, हा रिकामा, उलट्या दिशेने. चिडू नका, या लाईनवर कोळसा आधी आणि माणसं नंतर हे दीडशे वर्षांपासून चालू आहे. पुढची जोडगाडी पकडायची असेल तर पॅसेंजरच्या भरवशावर राहू नका, मध्ये दोन तास ठेवा. बाजूने तिसऱ्या लाईनचं काम दिसत होतं आणि चौथीलाही २०२५ मध्ये मंजुरी मिळालीय, तेव्हा पुढेमागे हे थांबणं कमी होईल.

वरोऱ्याला उतरलो तेव्हा संध्याकाळ. आणि इथेच उतरा असं मी आवर्जून सांगेन, कारण बाकी सगळे चंद्रपूरला जातात. ही लाईनची मूळ शेवटची जागा. तीस वर्षं रूळ इथेच संपायचे. आज प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं तर ते अजिबात जाणवत नाही, रूळ सरळ पुढे निघून गेलेले, राजधानी धडधडत जाते, प्लॅटफॉर्मवरची धूळ उडते, कुत्रं मान वर करून परत झोपतं. मी चहावाल्या काकांना विचारलं की इंग्रजांच्या वेळची खाण कुठे होती. ते म्हणाले, "खाण तिकडं आहे ना जी, एकोना." म्हणजे हल्लीची. मी म्हटलं नाही, जुनी, १९०६ ला बंद झालेली. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी अजून एक चहा घेतला.

तर ही जुनी वरोरा खाण. सरकारी, १८७१ पासून १९०६ पर्यंत चाललेली, भरात असताना वर्षाला लाखभर टनांच्या वर कोळसा काढणारी, आणि तो मुख्यतः रेल्वेच जाळायची. म्हणजे रेल्वे कोळशासाठी आणि कोळसा रेल्वेसाठी, आपली आपल्यात देवाणघेवाण. पण कोळसा काही फार गुणाचा नव्हता. मामांनी घरी कपाटात एक ढेकूळ ठेवलंय, दुसऱ्या दिवशी त्यांनी ते माझ्या हातात दिलं. एक पट्टा चमकदार, डांबरासारखा, त्याला लागून एक पट्टा मळका, पाटीवरच्या पेन्सिलीसारखा, असे एकाआड एक. मी जरा दाबलं तर कपची निघून हातात आली. "पाह्य," मामा म्हणाले, "बाहेर काढला की वाळते आन् फुटते. ढीग करून ठेवला तर आतून तापते, आन् आपोआप पेटते." या खोऱ्यातल्या कोळशात पाणी जास्त, राख जास्त, आणि त्याचा कोक (लोखंड गाळायला लागतो तो भाजलेला कोळसा) होत नाही. बॉयलरखाली घालायला ठीक, लोखंड गाळायला बेकार.

आणि या 'बेकार'वरूनच एक मोठी गोष्ट घडली, जी मला वाटतं वरोऱ्याच्या स्टेशनवर मोठ्या अक्षरात लावायला पाहिजे. १ जानेवारी १८७७ ला, म्हणजे आपली लाईन सुरू झाली त्याच साली, जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपूर का, तर कापूस दाराशी, आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ. पुढे १८८२ ला फॉन श्वार्झ नावाच्या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल त्यांच्या हाती पडला. लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज, आणि वरोऱ्याला कोळसा, आणि मध्ये फार अंतर नाही. टाटांच्या डोक्यात पोलादाचा किडा शिरला तो हा. वरोऱ्याचा कोळसा त्यांनी जर्मनीला तपासायला पाठवला, आणि उत्तर आलं, चालणार नाही. वर सरकारच्या खाणपट्ट्याच्या अटीही जाचक होत्या. प्रकरण तिथे थंडावलं पण किडा मेला नाही, वीसेक वर्षांनी परत चांद्यातच शोध सुरू झाला, तिथून छत्तीसगडकडे सरकला, आणि शेवटी १९०७ ला कंपनी स्थापन होऊन कारखाना झाला साकचीला, ज्याला आपण जमशेदपूर म्हणतो. म्हणजे वरोऱ्याचा कोळसा जरा चांगला निघाला असता तर टाटानगर आज कुठे असतं याचा विचार मी लॉजवर झोपेपर्यंत करत होतो. चंद्रपूरकर लोक याबद्दल हळहळतात का? मामांना विचारलं. "बरं झालं," म्हणाले, "आधीच कमी धूर आहे काय."

राहण्याचं सांगतो. वरोऱ्यात साधी लॉज आहेत, फार अपेक्षा ठेवू नका, मच्छरची कॉइल आपली न्या. सकाळी आनंदवनला जा, स्टेशनवरून ऑटोने थोडक्यात होतं. बाबा आणि साधनाताईंनी संस्था उभारली १९४९ ला, आणि मिळाली ती जमीन खडकाळ, विंचू-सापांची. आज तिथे शेती, तळी, हातमाग, शाळा सगळं आहे, आणि सगळं कुष्ठरोग्यांनी हाताने उभं केलेलं. तिथे राहायचं असेल तर आधी कळवून, परवानगी घेऊन जा, ते हॉटेल नाहीये, आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आम्ही सकाळचे दोन तास होतो, कमी पडले.

दुसऱ्या दिवशी पुढची पॅसेंजर, वरोऱ्यानंतर लगेच माजरी. इथून पुढे लाईन नवी, म्हणजे 'नवी' शंभरावर वर्षांची. वरोऱ्याची खाण संपत आली तेव्हा बल्लारपूरला नवी खाण पाडायला घेतलेली, म्हणून रूळ वरोऱ्याहून भांदक, चांदा करत बल्लारपूरला नेले, १९०८ च्या सुमारास, आणखी ३८ मैल. जुनी खाण बंद आणि नव्या खाणीकडे रूळ, हे जवळजवळ एकाच वेळी. गुरं चरून झाल्यावर गुराखी पुढच्या कुरणाकडे जातो तशी ही लाईन कोळशामागे सरकत गेली.

खिडकीतून एक गोष्ट जरूर बघा. हिंगणघाटपर्यंत माती काळीकुट्ट, खाली बेसाल्ट, म्हणजे आपला सह्याद्रीवालाच काळा दगड. वरोऱ्याच्या आसपास तो संपत येतो आणि खालचे जुने थर वर येतात, वाळूचा दगड, पिवळट-तांबडट माती. कोळसा या जुन्या थरांत. या थरांना जगभर गोंडवाना म्हणतात, आणि हे नाव आलं इथल्या गोंडांवरूनच. अंटार्क्टिकातल्या खडकांनाही गोंडांचं नाव आहे! भूगर्भ खात्याच्या ह्यूज यांनी या वर्धा खोऱ्याचा सविस्तर अहवाल छापला तो कधी? १८७७. म्हटलं होतं ना परत येणार.

माजरी म्हणजे मामांचं राज्य. स्टेशनवर उतरल्याबरोबर चार जणांनी नमस्कार केला. इथून एक फाटा राजूर-वणीकडे जातो आणि पुढे मुकुटबन, पिंपळखुटी करत आदिलाबादला. नांदेडकडून येणाऱ्यांना हा रस्ता सोयीचा. उजवीकडे डोंगर दिसतात, ते डोंगर नाहीत, ओबीचे ढिगारे आहेत. ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशाच्या वरची माती-दगड काढून टाकलेला. पूर्वी जमिनीखाली उतरून खोदायचे, इन्क्लाइन म्हणतात त्या उतरत्या भुयारातून. आता बहुतेक ओपनकास्ट, म्हणजे वरूनच सगळं सोलून काढायचं. मामा भरती झाले तेव्हा इन्क्लाइनमध्ये. १९७३ ला खाणी सरकारने ताब्यात घेतल्या, त्यानंतर काही वर्षांनी लागले, त्यामुळे ठेकेदाराच्या राज्याच्या गोष्टी त्यांना फक्त ऐकून माहीत. पण पहिला दिवस त्यांनी सांगितला तो असा, की डोक्यावर दिवा, कमरेला बॅटरी, आणि उतरताना एक म्हातारा कामगार पुढे, तो दर थोड्या अंतरावर छताला काठीने ठोकायचा आणि थांबून ऐकायचा. टणक आवाज आला की पुढे. भद्द आवाज आला की मागे. "मशीन होती जी तपासायले, सायेब होते, पन म्या तीस वर्स छत ठोकूनच चाललो." हे सांगताना त्यांनी सवयीने वर, स्टेशनच्या पत्र्याकडे पाहिलं.

खाण बघायला मिळेल का, असं तुम्ही विचारणार. असंच गेलात तर नाही, आणि घुसूही नका. ओपनकास्टच्या कडा ढासळतात, डंपरवाल्याला तुम्ही दिसत नाही, आणि सायडिंगवर मोबाईल काढला की कोणीतरी हटकतंच. कुणी ओळखीचं असेल, लेखी परवानगी मिळाली तरच. आम्ही मामा सोबत असूनही रस्त्यावरूनच बघितलं आणि पुरे झालं. पांढरा शर्ट घालू नका. मी घातला होता.

भांदक, म्हणजे भद्रावती. ऑटो करून विजासनची बौद्ध लेणी आणि पार्श्वनाथाचं जैन मंदिर बघून घ्या, अर्धा दिवस पुरतो, भद्रनागाचं देऊळही वाटेत. लेण्यात भर दुपारीही गार असतं, पण आत अंधार, टॉर्च ठेवा.

ताडाळीला परत एक कोळशाचा फाटा, घुग्घुसकडे जाणारा. आणि तिथून डावीकडे चिमण्या दिसायला लागतात. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र, २९२० मेगावॅट. मी गाडीत बसल्या बसल्या हिशोब केला. विजेच्या एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा धरला, सगळे संच पूर्ण जोरात चालले असं धरलं, तर दिवसाला पन्नासेक हजार टन. म्हणजे जुन्या वरोरा खाणीचा अख्ख्या वर्षाचा कोळसा हे केंद्र दोन-तीन दिवसांत फुंकून टाकेल. ज्या कोळशासाठी ४५ मैल रूळ टाकले, तो तीन दिवसांचा नाश्ता. आणि आमच्या चिकणी रोडच्या ५८ वाघिणी म्हणजे साडेतीन-चार हजार टन, दोन तासही पुरायच्या नाहीत. मामांनी माझा हिशोब दोनदा तपासला आणि म्हणाले, "म्हनूनच तर वाळत घातलेले कपडे काळे होते ना."

चंद्रपूर शहराबद्दल पुष्कळ लिहिलेलं सापडेल, मी थोडक्यात सांगतो. गोंड राजांचा परकोट आणि चार वेशी बघा, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अचलेश्वर, जटपुऱ्यातून आजही वाहनं जातात. महाकालीचं देऊळ बघा, पण चैत्रातल्या यात्रेत जाऊ नका (म्हणजे यात्राच बघायची असेल तर जा, पण मग रेल्वेत बसायला जागा मिळेल हे विसरा, मराठवाडा आणि तेलंगणातून माणसं लोटतात). शहराचं नाव चांदा होतं, ते १९६४ ला चंद्रपूर झालं. पण दुसऱ्या स्टेशनचं नाव अजून चांदा फोर्ट आहे! ते गोंदिया-नागभीडकडच्या लाईनवरचं, पूर्वी तिथे छोटी नॅरोगेज गाडी यायची. आपली लाईन चंद्रपूर स्टेशनची. ऑटोवाल्याला नीट सांगा, नुसतं 'स्टेशन' म्हणू नका. या अख्ख्या लाईनवर स्टेशनची नावं हेच मोठं संकट आहे, कारण शेवटचं गाव बल्लारपूर आणि स्टेशनचं नाव बल्लारशा. जेवायला सावजी, तिखट सोसत असेल तर. नसेल सोसत तर वरण-भात मागा, कोणी हसणार नाही. हसले तरी एकदाच.

हवामानाचं एक स्पष्ट सांगतो, मार्च ते जून जाऊच नका. चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि खाणपट्ट्यात धूळ वेगळी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाण्याच्या दोन बाटल्या, ओला रुमाल, दमा असेल तर मास्क आणि पंप. पॅसेंजरच्या वेळा बदलत राहतात, जाण्याच्या आदल्या दिवशी ॲपवर बघा, कोणाच्या जुन्या पोस्टवर (माझ्याही) विसंबू नका.

संध्याकाळी बल्लारशा. स्टेशनच्या भिंतींवर ताडोबातले प्राणी, जंगल, आदिवासी चित्रं रंगवलेली, २०१८ मध्ये बल्लारशा आणि चंद्रपूर या जोडीला देशातल्या सुंदर स्टेशनांमध्ये पहिला नंबर मिळालेला. गावात कागदाचा कारखाना, नदीकाठी जुना किल्ला. पण मला बघायचं होतं ते प्लॅटफॉर्मचं दक्षिणेचं टोक. वीसेक वर्षं लाईन इथे संपत होती, वर्धा नदीच्या अलीकडे, कारण पलीकडे निजामाचा मुलूख. निजामाची रेल्वे काझीपेटकडून वर सरकत आली आणि १९२९ ला दोन्ही टोकं जुळली, आणि एका फटक्यात दिल्ली-मद्रास सरळ रस्ता झाला. त्याच साली ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली, पेशावर ते मंगळूर. पेशावरहून निघालेली गाडी या वरोऱ्यावरून जायची, जिथे एकेकाळी फक्त कोळशाच्या वाघिणी उभ्या असायच्या आणि त्यांच्या पुढे रूळच नव्हते.

आम्ही टोकाला बाकावर बसलो. दक्षिणेकडची एक लांब गाडी आली, एसी डब्यांचे पडदे ओढलेले, एका खिडकीत एक पोरगी नाक काचेला लावून बाहेर बघत होती. तिने मामांना हात केला, मामांनीही केला. गाडी सुटली, मी घड्याळ बघितलं, परतीच्या गाडीला सव्वा तास होता. मामांनी दुसरा गोरसपाकाचा पुडा काढला. मी म्हटलं तो घरच्यांसाठी ठेवलाय. "वर्ध्याले परत उतरशील ना चुकून," मामा म्हणाले, "तवा घे."